काटा चढला की आधी प्रश्न, मग पाना

होळी झाली की सोलापुरातल्या गॅरेजांत जुन्या गाड्यांची रांग लागते आणि आयटीआयमधून नुकती आलेली पोरं एकच विचारतात, "वस्ताद, गाडी हीट होते, काय बदलू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी मालकाला विचार, कधी हीट होते? कुठे होते? एसी लावल्यावरच होते का? पाणी किती दिवसांनी टाकावं लागतं? हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

उन्हाचं गणित आधी डोक्यात बसवा. इंजिनातलं पाणी 90 अंशांच्या आसपास असतं. डिसेंबरात बाहेरची हवा 25 अंश धरली तर फरक 65 अंशांचा, मे महिन्यात 43 धरली तर 47 अंशांचा. रॅडिएटर, म्हणजे इंजिनातलं पाणी गार करणारी पुढची जाळी, उष्णता टाकतो ती या फरकाच्या जोरावर, म्हणजे त्याची ताकद उन्हाळ्यात पाव हिश्शाहून जास्त घटते. धडधाकट गाडीत तेवढी शिल्लक असते. अर्धवट चोक झालेला रॅडिएटर मात्र हिवाळा निभावून नेतो आणि एप्रिलात हात वर करतो. म्हणून "ऊनच एवढं आहे, गाडी तापणारच" असं मालकाला सांगून पाठवू नका. उन्हानं दुखणं उघडं पाडलेलं असतं, ते शोधायचं काम आपलं.

सात रस्त्याच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि पुणे रोडला लागल्यावर उतरतो, असं मालक म्हणाला तर फॅनकडे जा. गाडी पळते तेव्हा हवा आपोआप आत येते, उभी असताना सगळा भार फॅनवर. विजेचा फॅन असेल तर फ्यूज, रिले, थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा) आणि मोटर, या क्रमानं बघा. दोन पिनांचा थर्मो स्विच असेल तर इग्निशन चालू ठेवून त्याच्या सॉकेटची दोन टोकं वायरनं जोडा. फॅन फिरला तर स्विचवर संशय. नाही फिरला तर टेस्ट लॅम्प घेऊन मोटरपर्यंत करंट येतो का ते पाहा. हात मात्र पात्यांपासून लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

गावात ठीक, पण तुळजापूरच्या घाटात चढताना काटा लाल रेघेकडे जातो, ही तक्रार वेगळी. इथं एकतर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा हवा जाळीतून आरपार जात नाही. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच गाडी तापली तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रॅडिएटरची वाट उघडणारा वॉल्व, बंद अवस्थेत अडकलाय, पाणी फार कमी आहे किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय. आणि बोनेटमधून वाफ येतेय पण काटा खालीच, असं असेल तर काट्यावर विसंबू नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगतो. अशी गाडी लगेच बंद करायची.

पाणी फिरत नाही की हवा जात नाही, हे ओळखायची माझी पद्धत सांगतो, कारण नवी पोरं इथंच सर्वांत जास्त वेळ आणि पार्ट वाया घालवतात. इंजिन पूर्ण तापू द्या, थर्मोस्टॅट उघडू द्या. मग रॅडिएटरचा वरचा आणि खालचा होज पाइप इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजा. मोजायचं काळ्या रबरावर. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं. वरचा पाइप कडकडीत आणि खालचा बराच थंड असेल तर पाणी अडतंय: रॅडिएटरच्या नळ्या चोक, पाणी फिरवणाऱ्या पंपाची पाती झिजलेली किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. दोन्ही पाइप जवळजवळ सारखेच तापलेले आणि काटा तरीही वर, तर पाणी फिरतंय पण उष्णता टाकत नाही. मग हवेच्या वाटेकडे बघा. फरक नेमका किती हवा ते गाडीगणिक बदलतं. म्हणून सर्व्हिसिंगला येणाऱ्या चांगल्या गाड्यांवर मोजून ते आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे ही वही फार कामाला येते.

एका टॉवेल कारखानदाराची जुनी एसी गाडी आमच्याकडे आली होती. आधीच्या गॅरेजात थर्मोस्टॅट बदलला होता, वॉटर पंप बदलला होता, आता हेड उतरवायची भाषा सुरू होती. मालक वैतागून म्हणाले, "अण्णा, आता हिला विकू का?" वरचा पाइप 97 अंश, खालचा 93. फॅन चालू करून जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. फॅननं ते ओढून चिकटवून धरायला हवं होतं, पण पान सरळ खाली पडलं. समोरून कंडेन्सर, म्हणजे रॅडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी, स्वच्छ दिसत होता. बोल्ट काढून तो दोन बोटं पुढे ओढला तेव्हा मधल्या फटीत राखाडी नमदा बसलेला सापडला, पूर्ण जाळीभर, बोटानं सोलून निघेल असा. गाडी रोज यंत्रमागाच्या शेडला लागून उभी असायची आणि सुताचे बारीक तंतू हवेबरोबर आत जाऊन तिथं धुळीशी जमत गेले होते. इंजिनच्या बाजूनं पुढे असं कमी दाबाचं पाणी मारून जाळी साफ केली, आणि त्याच संध्याकाळी एसी लावून घाट चढून आलो. काटा मध्यावरून हलला नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतली, गाडी आली की मी आजही आधी ही फट बघतो. खेड्यातली गाडी असेल तर तिथं ज्वारीचा भुसा आणि उसाचं पाचट असतं. पानाच्या या चाचणीत आणखी एक चूक पकडली जाते. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या की फॅन उलटा फिरून हवा बाहेर ढकलतो आणि पान उडून जातं.

आता थर्मोस्टॅट. "आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच काय, काढून टाक," हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऐकाल. माझा याला सक्त विरोध आहे. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइल खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रॅडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसला की बरंच पाणी रॅडिएटरला न जाताच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर काढा आणि तपासा: पातेल्यात पाणी घ्या, दोरीनं थर्मोस्टॅट सोडा, थर्मामीटर लावा. अंगावर 82 कोरलं असेल तर त्याच्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पुरा उघडला पाहिजे. नापास झाला तर त्याच आकड्याचा नवा बसवा.

रॅडिएटरचं झाकण स्वस्त म्हणून कुणी बघत नाही. 0.9 बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून साधं पाणीही 118 अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचं रबर चिरलं की पाणी शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं, परत ओढलं जात नाही आणि मालक म्हणतो गाडी पाणी खाते. गार झाल्यावर खालचा होज पाइप चेपलेला दिसला तर झाकणाचा आतला छोटा वॉल्व अडकलाय असं समजा. गरम इंजिनवर हे झाकण कधीही उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. वाफेनं भाजलेले हात मी पाहिलेत.

पाणी खरंच कमी होत असेल तर प्रेशर पंप लावून होज, पंपाखालचं गळतीचं भोक, रॅडिएटरचे सांधे आणि गाडीच्या आत हीटरखालचं कार्पेट बघा. बाहेर कुठेच ओल नसेल तर गॅस्केट. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं, झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर सतत बुडबुडे, तापल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ही त्याची लक्षणं. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली म्हणून लगेच हेड उतरवू नका. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही ती जमते, डिपस्टिकही बघा. खात्री करायची असेल तर निळ्या द्रावणाची चाचणी करा. रॅडिएटरच्या तोंडाशी सिलिंडरचा गॅस असेल तर पेट्रोल गाडीत द्रावण पिवळं पडतं. हेड उतरवलंच तर सरळ पट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकलंय का ते मोजल्याशिवाय नवं गॅस्केट बसवायचं नाही. तापलेल्या इंजिनवर कुणी थंड पाणी ओतलं असेल तर अॅल्युमिनियमचं हेड हमखास तपासा.

बोअरचं पाणी हा आपल्याकडचा मोठा शत्रू. त्यातले क्षार नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये बसतात आणि उष्णता अडवतात. जुन्या पितळी रॅडिएटरची टाकी काढून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता येतं, प्लॅस्टिक टाकीच्या अॅल्युमिनियमच्या रॅडिएटरला ते जमत नाही, तो बदलावाच लागतो. कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं, असं मालक म्हणतील. त्यांना सांगा, त्यातला गंजरोधक आपल्याला हवाय. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट घाला, आणि दोन वेगळ्या प्रकारची एकत्र करू नका.

भरताना गाडीचं तोंड थोडं उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवेचा स्क्रू असेल तर तो ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत सोडा. फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा. गाडी रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी पुन्हा बघा, आणि मगच मालकाला चावी द्या.