लेबलचं काम फ्रीलान्स डिझायनरला देताना

‘लोणच्याच्या बरणीसाठी छान लेबल करून द्या’ एवढ्यावर काम सुरू झालं की फेऱ्या संपत नाहीत. ‘छान’ म्हणजे काय, हे दोघांच्या डोक्यात वेगळं असतं. त्यापेक्षा बरणीचा घेर दोऱ्याने मोजून माप मिलिमीटरमध्ये कळवा आणि आवडलेली दोन-तीन लेबलं ‘यातलं नेमकं काय आवडलं’ ते लिहून पाठवा.

मजकूर तुम्हीच टाइप करून द्या: घटक, निव्वळ वजन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना किंवा नोंदणी) क्रमांक. फोनवर सांगितलेला आकडा हमखास चुकतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच (फोनवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत) द्या, कारण जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात. लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर छपाईत फुटतो.

किती दुरुस्त्या मोफत, पैसे कोणत्या टप्प्याला आणि शेवटी कोणत्या फाइल मिळणार, हे आगाऊ रक्कम देण्याआधी एकाच मेसेजमध्ये लिहून डिझायनरचा होकार घ्या. छपाईची पीडीएफ सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत), चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीडसह (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेल्या डिझाइनसह) हवी. मूळ एडिट होणारी फाइलही मागाच. ती नसेल तर पुढे किंमत बदलायलाही त्यांच्याकडेच जावं लागतं. मंजुरीआधी लेबल खऱ्या मापात छापून बरणीवर गुंडाळून वाचा.