मोटार किती अँपिअर ओढते? आधी मीटर ओळखा, मग वायर धरा

बोअरात 300 फुटांवर मोटारीचं काय चाललंय ते वरून दिसत नाही. ते कळतं अँपिअरवरून. मराठवाड्यातल्या बहुतेक स्टार्टरच्या पेट्यांवर काट्याचा मीटर असतो, फक्त काच धुळीनं आंधळी झालेली असते. आधी ती पुसा.

या मीटरात एक गुंडाळी आणि आत लोखंडाच्या दोन पट्ट्या असतात. एक पक्की, दुसरी काट्याला जोडलेली. गुंडाळीतून करंट गेला की दोन्हींना सारखंच चुंबकत्व येतं आणि त्या एकमेकींना ढकलतात. एसीत करंटची दिशा पालटली तरी दोघींचे ध्रुव सोबतच पालटतात, त्यामुळे ढकलणं थांबत नाही. सुरुवातीचे आकडे दाटीनं छापलेले असतात, तिथलं वाचन फार मनावर घेऊ नका. शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर वेगळा: कायमच्या चुंबकात फिरणारी गुंडाळी. तो डीसीचाच, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटचा; एसीवर काटा जागेवर थरथरतो.

खात्रीचं माप हवं तर टोंग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर, घ्या. त्याच्या जबड्यात लोखंडी गाभा असतो. वायरीभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र गाभ्यावरच्या गुंडाळीत करंट निर्माण करतं. वायर तोडायची, सोलायची गरज नाही. हात कोरडे, पायात चप्पल, एवढं मात्र पाहाच.

चकती एसी अँपिअरवर, मोठ्या रेंजला ठेवा. मोटार सुरू करून काही सेकंद थांबा, कारण सुरुवातीचा झटका चालू करंटच्या पाच-सहा पट असतो. मग जबड्यात एकच वायर घ्या. तिन्ही एकदम धरल्या तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. मग लोक मीटरलाच शिव्या देतात. तिन्ही फेज एकेक करून मोजा आणि मोटारीच्या पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

तिन्ही आकडे चढे असले तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंपात वाळू अडकलीय. तिन्ही सारखेच पण फार कमी? उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं असेल, मोटार कोरडी फिरतेय, बंद करा. एक फेज शून्य आणि बाकीचे दोन चढे, म्हणजे डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) एक फेज गेलाय. इथं मिनिटभरही थांबू नका, रिवाइंडिंगचा खर्च ठरलेला. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवणाऱ्यांचे आकडे मुळातच असमान येतात, त्यांना हा हिशेब लागू नाही.

सोलर पंप असेल तर पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत डीसी असतो. तिथं साधा टोंग टेस्टर शून्यच दाखवणार, कारण क्षेत्र बदलतच नाही. हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो. त्यातली अर्धवाहकाची चकती स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखते. वायर धरण्याआधी मोकळ्या जबड्यानं शून्याचं बटण दाबा.

मल्टिमीटरनं करंट मोजायचा झाला तर वायर तोडून तो मधे जोडावा लागतो, आतल्या बारीक रोधावरचं व्होल्टेज मोजून तो करंट सांगतो. त्याच जोडणीत तारा फेज आणि न्यूट्रलला लावल्या तर सरळ शॉर्ट होतो. स्टार्टरवर तो नकोच.