बारा बटणांचा गेमिंग माऊस लावताना या चुका टाळा

बाजूला बारा बटणे असलेला माऊस जोडला आणि गेममध्ये त्यांतली निम्मी बटणे चालेनाशी झाली, की माऊसच सदोष आहे असे समजून लोक तो परत करायला निघतात. बहुतेक वेळा माऊस ठणठणीत असतो. कोणते बटण कीबोर्डवरची नेमकी कोणती कळ पाठवते आहे हे न पाहताच गेममध्ये जोडणी करणे, म्हणजे कोणत्या कळेने कोणती कृती व्हावी हे ठरवणे, ही खरी चूक असते.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. नोटपॅडमध्ये चार-पाच ओळी लिहून कर्सर मधोमध ठेवावा आणि बाजूची बटणे एकेक दाबून पाहावीत. अंक उमटले, तरी ते कीबोर्डच्या वरच्या ओळीतले आहेत की नमपॅडवरचे (उजवीकडच्या अंकांच्या गटातले) हे त्यावरून कळत नाही. म्हणून नम लॉक (नमपॅडचे अंक चालू-बंद करणारी कळ) बंद करून तीच बटणे पुन्हा दाबावीत. आता ४ दाबल्यावर कर्सर डावीकडे सरकला आणि ७ दाबल्यावर ओळीच्या सुरुवातीला गेला, तर ती बटणे नमपॅडच्या कळा पाठवत आहेत. अनेक गेम या दोन प्रकारच्या अंकांना वेगवेगळ्या कळा मानतात, त्यामुळे जोडणी एका प्रकाराची आणि दाब दुसऱ्या प्रकाराचा असला, तर काहीच घडत नाही.

बटणांना नमपॅडच्या कळा देणाऱ्यांना आणखी एक अडचण येते आणि ती सहजासहजी उमगत नाही. नम लॉक चालू असताना शिफ्ट धरून नमपॅडचा अंक दाबला, तर विंडोज शिफ्ट सुटल्याचे धरते आणि अंकाऐवजी होम, एंड किंवा बाणाची कळ पुढे पाठवते. शिफ्टच्या जोडीने लावलेली गेममधली कौशल्ये म्हणूनच चालत नाहीत. शिफ्ट वापरायचीच असेल, तर बटणांना वरच्या ओळीतले अंक द्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. एफ १३ ते एफ २४ या नेहमीच्या कीबोर्डवर नसलेल्या कळा मोकळ्या असतात म्हणून मोहात पाडतात, पण कित्येक गेम त्या ओळखतच नाहीत.

डेस्कटॉपवर चालणारे बटण फक्त गेममध्ये बंद पडत असेल, तर गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे वाढीव अधिकारांनी, चालू आहे का ते पाहावे. तसे असल्यास, साध्या अधिकारांनी चालणाऱ्या माऊसच्या सॉफ्टवेअरने पाठवलेल्या कळा विंडोज अडवू शकते. दुसऱ्या संगणकावर बटणांची मांडणी नाहीशी होत असेल, तर ती माऊसच्या ऑनबोर्ड मेमरीत, म्हणजे माऊसच्या आतल्या मेमरीत, साठवलेली नसते.

मॅक्रोमध्ये, म्हणजे एका बटणावर नोंदवून ठेवलेल्या कळांच्या क्रमात, कळ दाबणे आणि सोडणे यांत शून्य अवकाश ठेवू नये. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेमचा एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा असतो, आणि त्याहून लहान दाब काही गेमच्या नजरेतून सुटतो. एका दाबात अनेक कृती आपोआप करणारे मॅक्रो तर टाळावेतच, कारण पुष्कळ ऑनलाइन गेमच्या नियमांत ते बसत नाहीत आणि खाते बंद होऊ शकते.

पहिल्याच दिवशी बाराही बटणे भरण्याची घाई करू नये. अंगठ्याच्या दाबाने माऊस किंचित बाजूला ढकलला जातो, म्हणून नेम धरून वापरायचे कौशल्य कडक किंवा दूरच्या बटणावर ठेवू नये. आधी अंगठ्याखाली सहज येणारी तीन-चार बटणे लावावीत आणि ती न पाहता सापडू लागली, की पुढची ओळ घ्यावी.