तेंदूचा हंगाम ग्रामसभेने चालवायचा तर

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क मानणारा कागद हातात आला की गावात गुलाल उधळतो, फोटो निघतात. मग मार्चात बिडीसाठी तेंदूची पानं घेणाऱ्या ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर येतो आणि विचारतो, "यंदा पानाचं काय करता?" गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडच्या आमच्या ग्रामसभेचं दप्तर मी सांभाळते. शेजारच्या गावांतले लोक हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मार्चात विचार सुरू केला तर उशीर झाला. दिवाळी झाली की सभा बोलवा. पान वनविभागामार्फत विकायचं की आपण स्वतः, ते तिथे ठरवा आणि ठराव लेखी कळवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात तेंदू, बांबू, मोह हे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल आहे आणि त्याची मालकी आपली आहे. म्हणून पत्रात "परवानगी मिळावी ही विनंती" असं लिहू नका, "कळवण्यात येते" असं लिहा. सभेला बाया सहीपुरत्या नकोत. पान तोडतात त्या, पुडे बांधतात त्या.

एकट्या गावाने लिलाव करू नये. थोड्याशा गोण्यांसाठी मोठा व्यापारी येत नाही. येतो तो कुणाच्या तरी ओळखीचा, आणि भावही तोच सांगतो. कोरची तालुक्यात गावांनी मिळून महाग्रामसभा केली, तसं काही जमवा. जाहिरात एकत्र द्या, बंद निविदा सगळ्यांसमोर एकाच बैठकीत उघडा.

भाव बोलतात प्रमाण गोणीवर. गोणी म्हणजे १,००० पुडे, एका पुड्यात ७० पानं. बाई मात्र शेकड्यावर मोजते, आणि घोळ तिथेच होतो. समजा गोणीला ८,००० ठरले, त्यातले ४,००० मजुरीचे. म्हणजे शंभर पुड्यांना ४०० रुपये तोडणाऱ्याला, आणि गोणीमागे उरलेले ४,००० रॉयल्टी म्हणून ग्रामसभेच्या खात्यात. हे गणित फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या जागी, मोठ्या अक्षरात लावा.

नुसत्या चढ्या भावाला भुलू नका. २०१७ ला पानाला कधी नव्हे तो भाव आला आणि पुढच्याच वर्षी आपटला. करारात अनामत, हप्त्यांच्या तारखा आणि अवकाळी पावसाचं नुकसान कुणाचं, हे आधी बघा. मोजून घेतलेला पुडा ठेकेदाराचा, हे वाक्य हवंच. नाहीतर भिजलेलं पान दाखवून पैसे कापले जातात. शेकड्यामागे चार-दोन पुडे जादा घ्यायची खोडही त्यातच बंद करून टाका.

आता फळी. उजाडायच्या आत जंगलात, दुपारी सगळं घर सावलीत बसून पुडे बांधतं, आणि ऊन कलल्यावर फळीवर गर्दी होते. मोजायला गावातलीच शिकलेली मुलगी ठेवा. तिने रांगेतला मधलाच एखादा पुडा उचलावा, वाक, म्हणजे बांधलेली दोरी सोडावी आणि पानं मोजावीत. ७० ऐवजी ६२ निघाली तर भांडण नाही, पुन्हा बांधायला द्यायचा. तोडणाऱ्या बाईच्या कार्डावर पुड्यांचा आकडा लगेच, शाईने. मुन्शीची, म्हणजे ठेकेदाराच्या कारकुनाची वही आणि आपली कार्डं रोज संध्याकाळी जुळवायची. आठवड्याने जुळवू म्हटलं की ती कधीच जुळत नाहीत.

खुटकटाईची, म्हणजे नवी पालवी फुटावी म्हणून हंगामाआधी तेंदूची झुडपं छाटायची मजुरी ठेकेदाराकडून घ्या, पण तीच पालवी लवकर यावी म्हणून कुणी जंगलात आग लावत असेल तर त्याला धरून सभेपुढे आणा. मोहाची, चारोळीची रोपं त्या आगीतच जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर पान तोडणंच सोडलं. तिथे लोक बांबू विकतात आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पोरांना, पाखरांना राहतात. मला त्यांचं पटतं, पण आमच्याकडे मिरगाआधी धानाचं बियाणं आणि नांगरणी याच पैशातून निघते. म्हणून जंगलाचा एक तुकडा दरवर्षी आळीपाळीने न तोडता सोडायचा, एवढ्यावर आम्ही आलो.

माल निघताना खरी परीक्षा असते. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते, किंवा सभेने नेमलेला माणूस. आपल्या हातात याहून मोठं शस्त्र नाही. परवान्याचं पुस्तक एकाच्या घरी ठेवू नका. त्या गाडीपुरते पैसे खात्यात आल्याशिवाय सही नाही. चेक दाखवला म्हणून तर नाहीच. तो वटेपर्यंत ट्रक कुठल्या कुठे गेलेला असतो.

रॉयल्टीतला बोनस कार्डावरच्या पुड्यांप्रमाणे वाटा. ग्रामसभेकडे किती टक्के ठेवायचे ते हंगामाआधीच ठरवा, पैसे आल्यावर ठरवायला बसलात तर सभा मध्यरात्रीपर्यंत उठत नाही. आमच्याकडे त्या वाट्यातून उन्हाळ्यात जंगलाची राखण करणाऱ्यांची मजुरी भागते. आणि कार्ड तोडणाऱ्या बाईच्याच नावाने काढा, खातं तिचंच जोडा. बोनस नवऱ्याच्या खात्यात गेला ही तक्रार पावसाळ्यात येते, तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. कार्ड भरतानाच नाव बघून घ्यायचं.