किल्ली हातात आली की आधी मीटर बघा

सामान उतरवण्याआधी वीज, पाणी आणि पाइप गॅसच्या मीटरचे फोटो काढा. फोटोत रीडिंगसोबत मीटरचा क्रमांकही नीट दिसू द्या. नुसत्या आकड्यावरून तो तुमच्याच मीटरचा आहे हे सिद्ध होत नाही. इमारतीत मीटरची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून घरात गिझर किंवा इस्त्री लावा आणि मीटरवरचा दिवा भराभर लुकलुकतोय ना पाहा. मग मेन स्विच बंद करा. लुकलुकणं तरीही चालूच राहिलं, तर मीटर दुसऱ्याचा असेल किंवा तुमच्या मीटरवर आणखी कोणाची तरी जोडणी असेल. ती तक्रार त्याच दिवशी लेखी द्या.

पाण्यासाठी सगळे नळ बंद करून आकडा टिपा आणि तासाभराने पुन्हा बघा. सरकला तर गळती आहे. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या: टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय.

जोडणी नावावर करण्याआधी मागच्या रहिवाशाचं शेवटचं बिल भरल्याची पावती मागून घ्या. इंटरनेटचा अर्ज मात्र घर बदलण्याआधीच टाका, वायर ओढायला वेळ लागतो.