मृगाआधी शोधा, जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल नेमके जाते कुठे

ऊसवाहतूक संपवून दारात उभा असलेला जुना ट्रॅक्टर नांगरटीला किंवा रोटाव्हेटरला जुंपण्याआधी, मे महिन्यातच त्याच्या इंजिन ऑइलचा हिशेब एकदा पाहून घ्यावा. मृगाचा पाऊस पडल्यावर वाफसा मोजकेच दिवस टिकतो आणि नेमक्या त्या दिवसांत ऑइल कमी पडून इंजिन बसले, तर भाड्याचा ट्रॅक्टरही वेळेवर मिळत नाही. पंधरा-वीस वर्षे चाललेले इंजिन थोडेफार ऑइल खाणारच. मात्र तेवढ्यावरून थेट इंजिनकाम काढणे म्हणजे अंदाजाने पैसा घालणे होय. ऑइल बाहेर गळते आहे, आत जळते आहे की पाण्याच्या वाटेने जाते आहे, हे आधी ठरवावे. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक तपासण्या घरच्या घरी, जवळजवळ फुकटात होतात.

पहिले काम मोजमापाचे. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढावी, कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच पातळी वाचावी. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून आवर मीटरचा (इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा वहीत लिहावा आणि पुढे प्रत्येक वेळी घातलेले ऑइल मापाने नोंदवावे; ‘जरासे ओतले’ या नोंदीचा काही उपयोग नाही. मीटर बंद असेल, आणि जुन्या ट्रॅक्टरवर तो बहुधा बंदच असतो, तर टाकीत भरलेल्या डिझेलवरून तास काढता येतात. सुमारे २५० तासांत, म्हणजे दोन ऑइलबदलांच्या मध्ये, एखाद-दीड लिटरची भर लागत असेल तर जुन्या तीन सिलिंडरच्या इंजिनाबाबत काळजी करू नये. ५० तासांत लिटर संपत असेल तर कारण शोधावे, आणि एका दिवसाच्या कामात लिटर जात असेल तर दुरुस्तीशिवाय ट्रॅक्टर शेतात नेऊ नये. पट्टीच्या वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरण्याची सवय मात्र सोडावी, कारण जादा ऑइल क्रँकने, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याने, घुसळले जाऊन त्याचा फेस होतो आणि ते ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, बाहेर पडते किंवा जळते.

गळती शोधायची तर इंजिन आधी स्वच्छ हवे. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने चिकटलेला ऑइल-मातीचा थर काढावा, मग पाण्याने धुवावे. सेल्फ (स्टार्टर), आल्टरनेटर आणि एअर क्लीनरच्या तोंडावर पाणी मारू नये. इंजिन पूर्ण वाळल्यावर टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, फिल्टरची बैठक आणि चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) पॅकिंग यांच्या सांध्यांवर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि अर्धा-पाऊण तास काम करून टॉर्चच्या उजेडात पाहावे. पंख्याच्या वाऱ्याने ऑइल मागे आणि खाली पसरते, म्हणून थेंब जिथे पडतो ती जागा गळतीची समजू नये. ओली झालेली सर्वांत वरची जागा शोधावी. चेंबर गळतो म्हणून त्याचे पॅकिंग बदलावे आणि ऑइल येत असावे वरच्या टॅपेट कव्हरमधून, असे अनेकदा घडते. रात्री ट्रॅक्टरखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवला, तर सकाळी त्यावरचा डाग पुढचा आहे की मागचा, तेही कळते.

इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या जोडाखालून, तिथल्या छोट्या भोकातून ऑइल ठिबकत असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचा संशय घ्यावा. हे सील बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो, म्हणून मजुरी मोठी असते. आणि ऑइल क्लच प्लेटपर्यंत पोहोचले तर क्लच घसरू लागतो, तो खर्च वेगळा. तरीही सील बदलण्याआधी ब्रीदर पाहावा, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. आमच्या घरच्या ट्रॅक्टरचे मागचे सील एका उन्हाळ्यात दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा महिनाभरात पुन्हा ठिबक सुरू झाली. शेवटी ब्रीदरची नळी सोडवली तेव्हा तिच्या तोंडातून कुंभारीण माशीने केलेले बोटभर लांबीचे चिखलाचे घर निघाले, आत वाळलेले कोळी. नळी बंद, त्यामुळे इंजिनातल्या वाफेचा दाब सीलवर येत होता. नळी डिझेलने धुऊन मोकळी केल्यावर तेच सील पुढे टिकले. ब्रीदर मोकळा असूनही इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करताच धूर झटक्याझटक्याने जोरात बाहेर येत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर (आतले अस्तर) झिजल्याची शक्यता मोठी असते.

बाहेर कुठेही ओल नसताना पातळी उतरत असेल तर सायलेन्सरकडे पाहावे. ऑइल जळत असल्यास धूर निळसर येतो. सकाळी सुरू करताना निळा लोट येऊन मिनिटाभरात थांबत असेल तर व्हॉल्व्हचे गाइड किंवा त्यांची सील खराब असावीत, आणि ते काम हेड उतरवून भागते. नांगराचा भार पडल्यावर निळा धूर सतत राहत असेल तर बिघाड रिंगा-लायनरचा. काळ्या धुराचा ऑइलशी सहसा संबंध नसतो. तो जादा भाराचा, चोंदलेल्या एअर क्लीनरचा किंवा नोझलचा असतो.

रिंगा झिजल्या असतील तर त्या का झिजल्या, हेही पाहावे. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी पाइपला चीर असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर रोटाव्हेटरची धूळ न गाळता थेट सिलिंडरमध्ये जाते आणि नवी रिंगसुद्धा एका हंगामात खराब होते. पाइप आतून बोटाने चाचपावा. बोटाला माती लागली तर उत्तर मिळाले. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या, म्हणजे ऑइलमधून हवा गाळणाऱ्या क्लीनरच्या, वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल भरल्यास तेही ओढले जाऊन जळते आणि निळा धूर येतो, तेव्हा इंजिनाला दोष देण्याआधी ही वाटी पाहावी.

ऑइल दुधी-चॉकलेटी दिसत असेल किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तवंग येत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासेपर्यंत इंजिन सुरू करू नये. पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल तर आनंद मानू नये. पट्टीला डिझेलचा वास येत असल्यास फीड पंप किंवा डिझेल पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे आणि पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

धूर दाबण्यासाठी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल भरणे किंवा घट्टपणा आणणारे द्रव्य मिसळणे हा उपाय नाही. विकायला काढलेल्या ट्रॅक्टरात असे ऑइल असू शकते, हे घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावे. काढलेले काळे ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये आणि जनावरांच्या जखमेला लावू नये. डब्यात साठवून गॅरेजला द्यावे.

मोजमाप आणि तपासणीतून इंजिनकाम अटळच ठरले, तर ते मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावे. रिंगा बसण्यासाठी पहिले ५० तास मध्यम भारावर मिळायला हवेत. तासन्‌तास रिकामे चालवल्यास लायनर गुळगुळीत होऊन नवे इंजिनही ऑइल खाते. फणपाळी किंवा हलकी ट्रॉली यासाठी योग्य आहे. ते तास भरले की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, हेडचे नट आणि टॅपेटचे अंतर मिस्त्रीकडून पुन्हा तपासून घ्यावे आणि वहीचे नवे पान सुरू करावे.