धारूरच्या घाटात फोन लागला तो असा

अंबाजोगाईहून माजलगावला सरकी पेंडीची पोती घेऊन निघालो आणि धारूरच्या घाटात टेम्पो पंक्चर झाला. मोबाईलला एक काडी नाही. घरी आई तापानं फणफणलेली, जीव टांगणीला लागला. दीड तासानं एक ट्रकवाले मामा थांबले, त्यांच्या फोनवरून घरी बोललो.

तेव्हापासून आधी रेंज बघतो, मग भाव. आठवडाभर केज, धारूर, तेलगाव, जिथं चहाला थांबेन तिथं दुसऱ्यांच्या फोनवरच्या काड्या बघून कंपनीचं नाव वहीत लिहिलं. घाटात दुसरीच कंपनी चालत होती! मग दोन सिमचा साधा फोरजी फोन घेतला. जुना टूजी घेऊ नका, जिओचं सिम त्यात चालतच नाही. जुन्या सिमवर फक्त कॉलचा पॅक ठेवला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, असे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलंय, दुकानदाराला मागून घ्या. नव्या सिमवर डेटा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज, महिन्याच्या हिशोबानं फसायला होतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर १९०० वर पोर्टचा मेसेज करायचा.

परवा त्याच वळणावरून आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणाली, “जेवलास का रे?”